जागतिक साहित्याच्या कपाटाचं कुलूप काढा : नागपुरातल्या ग्रंथालयांना खुलं पत्र

प्रति,
नागपूर शहर आणि जिल्ह्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांचे अध्यक्ष, सचिव आणि ग्रंथनिवड समित्यांचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

ऑक्टोबर उजाडला की साहित्याचं नोबेल जाहीर होतं आणि आपल्या ग्रंथालयांत दोन-चार दिवस लगबग दिसते. दर्शनी फलकावर विजेत्याचं नाव लागतं, वर्तमानपत्राचं कात्रण डकवलं जातं, पुस्तकविक्रेत्याला फोन जातो. २०२४ साली दक्षिण कोरियाच्या हान कांग, २०२५ साली हंगेरीचे लास्लो क्रास्नाहोरकाई. पुस्तक येतं, त्यावर शिक्का बसतो, दाखल क्रमांक पडतो आणि ते ‘जागतिक साहित्य’ अशी पट्टी लावलेल्या काचेच्या कपाटात जातं. कपाटाला कुलूप असतं. किल्ली विचारली तर ‘सचिवसाहेबांकडे असेल’ असं उत्तर मिळतं आणि सचिवसाहेब संध्याकाळी सातनंतर येतात.

मी मराठीची निवृत्त शिक्षिका आहे आणि शहरातल्या एकाहून अधिक ग्रंथालयांची आजीव सभासद आहे. अशा कपाटांतली पुस्तकं मी चिकाटीनं काढून घेतली आहेत. एका ठिकाणी जॉन स्टाइनबेकच्या कादंबरीची प्रत हाती आली. शेवटच्या पानावर देवघेवीच्या तारखांची चिठ्ठी चिकटवलेली होती आणि ती पूर्ण कोरी होती. कागद पिवळा पडलेला, पुठ्ठ्याच्या कडा कसरीनं खाल्लेल्या, मधली दोन पानं कापायची राहिलेली, ती तशीच जोडलेली. पुस्तक घेतलं त्या दिवसापासून कोणी ते शेवटपर्यंत उलगडलंच नव्हतं. त्या चिठ्ठीकडे पाहून मला वाईट वाटलं आणि रागही आला. हे पत्र त्यातून लिहिलं आहे.

माझं म्हणणं एकच आहे. जगात ज्यांना मोठे पुरस्कार मिळाले, त्यांतले कितीतरी लेखक आपल्याच प्रश्नांवर लिहीत होते. त्यांच्या पुस्तकांवर पहिला हक्क काटोल-कळमेश्वरच्या, इंदोरा-पाचपावलीच्या, महाल-नंदनवनच्या मराठी वाचकाचा आहे. इंग्रजी सफाईनं वाचणारे मूठभर सभासद त्याच्यानंतर. हा हक्क आपण कुलपात ठेवला आहे.

स्टाइनबेकपासूनच सांगते. ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ १९३९ सालची. तिला १९४० चं पुलित्झर हे अमेरिकेचं मोठं पारितोषिक मिळालं आणि १९६२ साली लेखकाला नोबेल. ओक्लाहोमात दुष्काळ पडतो, धुळीची वादळं उठतात, जमीन बँकेच्या घशात जाते, घरावर ट्रॅक्टर फिरतो आणि जोड आडनावाचं शेतकरी कुटुंब खटारा मोटारीत संसार भरून कॅलिफोर्नियाला निघतं. तिथे मजुरी मिळेल, फळांच्या बागा आहेत, असं कोणीतरी सांगितलेलं असतं. बागा असतातही. पंचविसाव्या प्रकरणात स्टाइनबेक जोड कुटुंबाला बाजूला ठेवतो आणि फक्त त्या बागांविषयी लिहितो. बहर येतो, फळं लगडतात आणि भाव पडतो. तोडणीची मजुरी निघत नाही म्हणून माल सोडून दिला जातो. संत्र्यांचे ढीग पडलेले आहेत, भुकेली माणसं लांबून ती वेचायला आली आहेत. पण फुकट मिळाली तर विकत कोण घेईल? म्हणून त्या ढिगांवर रॉकेल फवारलं जातं. बटाटे नदीत टाकतात आणि कोणी ते काढू नयेत म्हणून काठावर पहारा बसवतात. आणि त्याच मुलखात कुपोषणानं पोरं मरत असतात.

आमच्याकडे रविवारी दुपारी काही वाचणारी माणसं जमतात. ज्यांना इंग्रजी जमत नाही त्यांच्यासाठी मी पुस्तक पुढ्यात घेऊन प्रकरण मराठीत सांगत जाते. हे प्रकरण सांगितलं त्या दिवशी काटोलकडचे एक संत्रा बागायतदार आलेले होते. मुलाच्या नोकरीमुळे आता ते नागपुरात राहतात, बाग भावाकडे आहे. आंबिया बहाराची फळगळ त्यांनी पाहिली आहे. बांगलादेशानं आयात शुल्क वाढवत नेल्यावर ठरलेला सौदा मोडून व्यापारी बाग अर्ध्यावर कसा सोडतो, हेही पाहिलं आहे. स्वतः वाढवलेला संत्रा ट्रॉलीतून रस्त्याच्या कडेला ओतताना पोटात काय होतं, ते त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. ते म्हणाले, “मॅडम, हा माणूस तं आपल्याच बागेत उभा राहून लिहून राहिला ना! त्यायनं रॉकेल टाकलं, आपण नुसता फेकतो, एवढाच फरक.” थोड्या वेळानं विचारलं, “हे पुस्तक मराठीत आपल्या वाचनालयात भेटते का? भावाले द्या लागते.”

समिती सदस्यहो, या प्रश्नाचं उत्तर तुम्ही द्यायचं आहे.

याच कादंबरीची एक हकिगत तुम्हाला मुद्दाम सांगते, कारण ती ग्रंथालयाचीच आहे. जोड कुटुंब कॅलिफोर्नियातल्या ज्या भागात येऊन पोचतं, त्या कर्न परगण्याच्या कारभाऱ्यांना हे पुस्तक झोंबलं. बड्या बागायतदारांचं त्यांच्यावर वजन होतं. ऑगस्ट १९३९ मध्ये त्यांनी परगण्याच्या ग्रंथालयांतून आणि शाळांतून कादंबरी काढून टाकायचा ठराव केला. तिथल्या मुख्य ग्रंथपाल ग्रेचेन नीफ यांनी स्वतःच्या नोकरीची पर्वा न करता कारभाऱ्यांना पत्र लिहून विरोध नोंदवला. बंदी सुमारे दीड वर्ष टिकली, नंतर उठली. आपल्याकडे असा ठराव कोणी केलेला नाही. तरी ज्या कपाटाची किल्ली मिळत नाही, त्यातलं पुस्तक वाचकाला बंदच असतं. ग्रंथपालांना मला एवढंच सांगायचं आहे की तुमच्या पेशात ग्रेचेन नीफ होऊन गेल्या आहेत.

संत्र्याचं झालं. आता कापसाकडे येते, कारण विदर्भाचा आणि जागतिक साहित्याचा सगळ्यात जुना सांधा तिथे आहे.

कोल्सन व्हाइटहेड यांची ‘द अंडरग्राउंड रेलरोड’ ही कादंबरी २०१६ सालची. तिला त्या वर्षीचा अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड आणि २०१७ चं पुलित्झर मिळालं. नायिका कोरा ही जॉर्जियातल्या कापसाच्या मळ्यावरची गुलाम मुलगी. तिची आजी आफ्रिकेतून पकडून आणलेली. गुलामांच्या झोपड्यांच्या मधल्या जागेत आजीनं काही हातांचा एक वाफा राखलेला असतो. तो आईकडून कोराकडे येतो. एक दांडगा गुलाम तो वाफा उखडून तिथे आपल्या कुत्र्यासाठी घर बांधतो, तेव्हा ही पोरकी मुलगी कुऱ्हाड घेऊन ते घर फोडून टाकते. सगळा मळा मालकाचा, ती स्वतः मालकाची, आणि तेवढी वाफाभर माती मात्र तिची! धुऱ्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणाऱ्या आपल्या माणसांना हा प्रसंग कोणी समजावून द्यावा लागणार नाही.

तो मळा आणि आपली काळी जमीन यांचा संबंध नुसता भावनेचा नाही. इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस लागायचा आणि तो गुलामांच्या हातांनी वेचलेला असायचा. १८६१ ते १८६५ या काळातल्या अमेरिकेच्या यादवी युद्धात तो कापूस अडला. मग साहेबाची नजर वऱ्हाडाकडे वळली. इथे कापसाला कधी नव्हे तो भाव आला, पेरा वाढला, १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. युद्ध संपलं, अमेरिकेचा माल पुन्हा सुरू झाला आणि इथला भाव कोसळला. पुढे १८७७ साली जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, तीही याच कापसाच्या आधारावर. ज्या घरांमध्ये आजे-पणजे त्या मिलच्या भोंग्यावर उठायचे, अशी घरं या शहरात कितीतरी आहेत. त्या घरातल्या नातीनं कोराची गोष्ट का वाचू नये?

भाव चढतो, माणूस कर्ज काढतो, भाव उतरतो, कर्ज उरतं, हे तर पार आइसलँडमध्येही सापडतं. हॅलडोर लॅक्सनेस यांना १९५५ चं नोबेल मिळालं. त्यांच्या ‘इंडिपेंडंट पीपल’ या कादंबरीतला मेंढपाळ ब्यार्तुर अठरा वर्षं दुसऱ्याच्या घरी राबून स्वतःची जमीन घेतो. कोणाचं देणं नको, कोणाची मेहरबानी नको, या एका हट्टापायी तो बायको-मुलांची आबाळ करतो. पहिल्या महायुद्धात लोकरीला आणि मांसाला भाव येतो, तेव्हा कर्ज काढून पक्कं घर बांधायला घेतो. युद्ध संपतं, भाव पडतो आणि जमिनीचा लिलाव होतो. हा माणूस मला आवडत नाही, घरच्यांशी तो फार निर्दय वागतो. पण त्याला मी ओळखते. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मधल्या घराशेजारी याचं घर सहज शोभेल. ‘बारोमास’ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि ती आपल्या प्रत्येक ग्रंथालयात आहे. मग ब्यार्तुर, जोड कुटुंब आणि ‘बारोमास’चा एकनाथ एकाच फळीवर का नसावेत? पर्ल बक यांच्या ‘द गुड अर्थ’मधली चिनी शेतकऱ्याची बायको ओ-लान, अपार कष्टांनी नवऱ्याचं शेत आणि घर उभं करणारी, उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मधल्या कौतिकच्या बाजूला का नसावी? वाचक एका पुस्तकासाठी हात घालेल आणि दुसरं त्याच्या हाती लागेल.

दीक्षाभूमीविषयी तर मला जास्तच तळमळीनं लिहावंसं वाटतं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिथे पुस्तकांची जी विक्री होते, ती पाहून कोणत्याही ग्रंथप्रेमी माणसाचा ऊर भरून यावा. खांद्यावर पिशवी, पायात साधी चप्पल, गावाहून रात्रीच्या गाडीनं आलेली माणसं रांगा लावून पुस्तकं विकत घेतात. इतका भुकेला वाचक महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे आहे? आणि टोनी मॉरिसन यांची पुस्तकं कुठे आहेत? काचेमागे!

मॉरिसन यांना १९९३ चं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. ‘बिलव्हेड’ला १९८८ चं पुलित्झर आधीच मिळालेलं होतं. त्या कादंबरीमागे मार्गारेट गार्नर या स्त्रीची खरी घटना आहे. १८५६ साली ती केंटकीतून मुलाबाळांसह पळून ओहायोत आली आणि पकडणारे दारात येताच, पोर पुन्हा गुलामीत जाऊ नये म्हणून तिनं स्वतःच्या लहान मुलीचा जीव घेतला. मॉरिसन यांची पहिली कादंबरी ‘द ब्लूएस्ट आय’ १९७० सालची. त्यात पिकोला नावाची काळी मुलगी देवाकडे निळे डोळे मागते. आपण कुरूप आहोत, हे सगळ्यांनी मिळून तिच्या मनात इतकं खोल रुजवलेलं असतं की डोळे बदलले तर जग आपल्याशी बरं वागेल, असं तिला वाटू लागतं. या पुस्तकाशेजारी मी आपल्या नागपूरच्या कुमुद पावडे यांचं ‘अंतःस्फोट’ ठेवीन. महाराच्या मुलीनं संस्कृत शिकायचं ठरवलं तेव्हा तिला काय काय ऐकावं लागलं, एम.ए. होऊनही नोकरी कशी मिळेना, आणि लग्नानंतर सोमकुवरची पावडे झाल्यावर दार कसं उघडलं, हे त्यांनी लिहून ठेवलं आहे. त्या मिळालेल्या नोकरीचा त्यांना निखळ आनंद झाला नाही, कारण मान आडनावाला मिळाला होता. पिकोलाचे निळे डोळे आणि हे बदललेलं आडनाव, दोन्ही एका बैठकीत वाचून पाहा. बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, आणि १९७२ साली आपल्या तरुणांनी दलित पँथर हे नाव अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरून घेतलं होतं. ही वाट आपल्या आधीच्यांनी पाडून ठेवलेली आहे.

आता हान कांग. त्यांचं नाव २०२४ मध्ये तुमच्या फलकांवर लागलं होतं. आशियातली नोबेल मिळवणारी पहिली लेखिका, एवढी ओळ बहुतेकांनी लिहिली. पण त्यांनी काय लिहिलं, ते नागपूरनं वाचायलाच हवं.

‘ह्यूमन अ‍ॅक्ट्स’ ही त्यांची कादंबरी मे १९८० मधल्या ग्वांगजू शहराविषयी आहे. लष्करी राजवटीविरुद्ध विद्यार्थी आणि कामगार रस्त्यावर उतरले, सैन्यानं त्यांच्यावर गोळ्या चालवल्या. हान कांग यांचा जन्म त्याच शहरातला. हत्याकांडाच्या काही महिने आधी त्यांचं कुटुंब सोलला गेलं होतं. कादंबरीत डाँग-हो नावाचा शाळकरी मुलगा मित्राला शोधत येतो आणि प्रेतं ठेवलेल्या जागी कामाला लागतो. कोणाचे कपडे कसे आहेत, केस कसे आहेत, उंची किती, याची तो वहीत नोंद करतो, म्हणजे घरचे शोधत आले तर ओळख पटावी. प्रेतांच्या उशाशी मेणबत्त्या लावतो. पुढची प्रकरणं वेगवेगळ्या माणसांची आहेत. एका मेलेल्या मुलाचा आत्मा बोलतो, सेन्सॉरनं काळं फासलेली पानं हातात घेऊन बसलेली एक संपादक बोलते, तुरुंगात छळ सोसलेला माणूस बोलतो, आणि खूप वर्षांनी डाँग-होची आई बोलते. हान कांग कोणाचीही कहाणी पूर्ण करून दाखवत नाहीत, माणसं वाक्याच्या मध्येच थांबतात.

आता आपलं नागपूर, २३ नोव्हेंबर १९९४. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुरू होतं. आदिवासी म्हणून मान्यता मिळावी यासाठी गोवारी बांधवांचा मोर्चा आला होता, त्यात बायका आणि लेकरंही होती. लाठीमार आणि चेंगराचेंगरीत ११४ जण गेले. झिरो माइलजवळ त्यांचं स्मारक आहे, सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे. ग्वांगजूत सैन्यानं गोळ्या घातल्या, इथे जे घडलं ते वेगळं होतं. दोन्ही एक आहेत असं मी म्हणत नाही. पण मेलेल्यांची मोजणी झाल्यावर साहित्यानं काय करायचं असतं, हे हान कांग यांनी दाखवलं आहे. ११४ हा आकडा आपल्या सगळ्यांना पाठ आहे. त्यातल्या एका बाईनं सकाळी निघताना शिदोरीत काय बांधलं होतं, तिच्या घरी मागे कोण राहिलं होतं, हे सांगणारी कादंबरी या शहरात लिहिली जावी, असं मला फार वाटतं. ती लिहू शकणारा एखादा मुलगा कदाचित आज तुमच्याच ग्रंथालयात बसला असेल. त्याला हान कांग यांचं पुस्तक हाताळायला मिळालं पाहिजे.

अब्दुलरझाक गुर्ना यांच्याविषयी थोडक्यात लिहिते. २०२१ चं नोबेल, जन्म झांझिबारचा, तिथल्या १९६४ च्या क्रांतीनंतर घर सुटलं. ‘बाय द सी’ या कादंबरीतला म्हातारा इंग्लंडच्या विमानतळावर उतरतो तेव्हा त्याच्याजवळ मोलाचं म्हणावं असं काय असतं, तर उदाची एक पेटी. जरीपटक्यातल्या सिंधी आजी-आजोबांनी १९४७ नंतर काय आणलं होतं आणि गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतल्या लोकांनी उठताना काय उचललं, हे विचारायची बुद्धी असं पुस्तक देतं. आणि फ्रान्सच्या आनी एर्नो, २०२२. वडिलांच्या किराणा दुकानाविषयी, शिकून वर आल्यावर त्या दुकानाची वाटलेली लाज आणि त्या लाजेचं दुःख, यावर त्यांनी नव्वद-शंभर पानांचं पुस्तक लिहिलं. स्नेहसंमेलनाला आई-वडिलांना यायला नको म्हणणाऱ्या मुली मी शिकवल्या आहेत. त्यांच्यासाठी ते पुस्तक फार मोलाचं आहे.

पुरस्कार म्हणजे साहित्याची अंतिम मोजपट्टी आहे, असा माझा समज नाही. टॉल्स्टॉयना नोबेल मिळालं नाही. नायजेरियाचे कादंबरीकार चिनुआ अचेबे यांनाही नाही. टागोरांना १९१३ साली मिळालं, त्यानंतर एकाही भारतीय भाषेतल्या लेखकाला मिळालेलं नाही. कृष्णवर्णीय आफ्रिकी लेखकापर्यंत पोचायला नोबेलला १९८६ साल उजाडलं, तेव्हा वोले सोयिंका यांचा मान झाला. अरबी भाषेला १९८८ साली नगीब महफूज यांच्यामुळे. तेव्हा स्टॉकहोमची यादी हाच आपला अभ्यासक्रम, असं कोणी धरू नये. पुरस्कारामुळे पुस्तक आपल्या नजरेला पडतं, इतकाच त्याचा उपयोग. पुढचं काम ग्रंथालयाचं आहे, आणि नेमकं तेच होत नाही.

‘हे उच्च दर्जाचं साहित्य आहे, सामान्य वाचकाला झेपत नाही’ असं एका पदाधिकाऱ्यांनी मला ऐकवलं. याचं उत्तर पोर्तुगालच्या जुझे सारामागू यांनी १९९८ साली नोबेल स्वीकारताना देऊन ठेवलं आहे. जगातल्या सगळ्यात मोठ्या साहित्यिक व्यासपीठावर उभं राहून त्यांनी भाषणाची सुरुवात आपल्या आजोबांपासून केली. मला आयुष्यात भेटलेल्या सगळ्यात शहाण्या माणसाला लिहिता-वाचता येत नव्हतं, असं ते म्हणाले. आजा-आजी डुकरं पाळायचे. कडाक्याच्या थंडीत अशक्त पिल्लं गारठून मरू नयेत म्हणून त्यांना स्वतःच्या अंथरुणात घ्यायचे. उन्हाळ्याच्या रात्री नातू अंजिराच्या झाडाखाली आजोबांजवळ निजायचा आणि त्यांच्या गोष्टी ऐकायचा. आजोबांना दवाखान्यासाठी लिस्बनला न्यायची वेळ आली तेव्हा आपण परत येणार नाही हे त्यांनी ओळखलं, आणि आवारातल्या एकेका झाडाला मिठी मारून, रडत त्यांचा निरोप घेतला. अशा माणसाच्या नातवाचं साहित्य विदर्भातल्या शेतकऱ्याला झेपणार नाही, असं म्हणायचं धाडस मला तरी होणार नाही.

दुसरं उत्तर मिळतं की वाचकच येत नाहीत, फक्त अभ्यासिका भरलेली असते. खरं आहे. एमपीएससीची मुलं-मुली सकाळपासून डबा घेऊन बसतात. चालू घडामोडींच्या पुस्तकातून नोबेल आणि बुकरच्या विजेत्यांची नावं पाठ करतात, देश पाठ करतात, साल पाठ करतात. ज्या लेखिकेचं नाव ती घोकत असतात तिचं पुस्तक त्याच खोलीत, दहा पावलांवर असतं. ही मुलं बहुतेक खेड्यांतून आलेली, शेतकऱ्यांची, मजुरांची. जोड कुटुंब, कोरा, डाँग-हो यांना यांच्यापेक्षा चांगला वाचक कुठून आणायचा?

अनुदान अपुरं आणि उशिरा येतं, कर्मचाऱ्यांचं मानधन तुटपुंजं आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. म्हणून मी नव्या खरेदीच्या आधी आहे त्याच्याविषयी बोलते. कुलूप काढायला पैसे लागत नाहीत. ही पुस्तकं घरी न्यायला द्या. वर्गीकरण क्रमांक बदलू नका, पण दाराजवळ एक टेबल मांडा आणि दोन-दोन महिने एकेक विषय घ्या. शेती आणि कर्ज, जात आणि वंश, विस्थापन, बाईचं घर, दडपलेली आठवण. त्यावर मराठी पुस्तक आणि बाहेरचं पुस्तक खांद्याला खांदा लावून ठेवा. नागपूरचा वाचक हिंदी सहज वाचतो, हे आपलं मोठं भांडवल आहे. जे मराठीत नसेल आणि हिंदीत मिळेल, ते हिंदीतून आणा. इंग्रजीचा क्रम शेवटचा ठेवा.

मराठी अनुवादांची मागणी लेखी करा. आपल्या प्रकाशकांची आवृत्ती हजार-पाचशे प्रतींची असते आणि ती ग्रंथालयांच्या खरेदीवरच तरते. चार जिल्ह्यांतल्या ग्रंथालयांनी मिळून कळवलं की अमुक पुस्तकाचा अनुवाद आला तर आम्ही घेऊ, तर प्रकाशकाला हक्क विकत घ्यायचं बळ येईल. ‘एका कोळियाने’ पु. लं.नी मराठीत आणलं म्हणून हेमिंग्वे यांचा म्हातारा कोळी आपल्या कितीतरी घरांत पोचला. तसे दहा अनुवाद आले तर केवढी भर पडेल.

आणि अनुवादकाचं नाव दाखल नोंदवहीत लिहा. बहुतेक नोंदींमध्ये ते नसतं. आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्काराचे ५०,००० पौंड लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मे-निम्मे वाटले जातात. २०२२ साली ‘रेत समाधि’साठी गीतांजली श्री यांच्या बरोबरीनं डेझी रॉकवेल यांना मिळाले. २०२५ साली ‘हार्ट लॅम्प’साठी कन्नड लेखिका बानू मुश्ताक यांच्या बरोबरीनं दीपा भास्ती यांना. हा कथासंग्रह आपल्या शेजारच्या राज्यातल्या मुस्लिम बायकांविषयी आहे, बारा कथांचा. कथासंग्रहाला हा पुरस्कार पहिल्यांदाच मिळाला. ज्या कामाला जग निम्मा वाटा देतं, त्याला आपल्या वहीत एक रकाना तरी असावा.

महिन्यातून एक संध्याकाळ वाचनासाठी द्या. आमच्या रविवारच्या गटातली माणसं कोणत्याही ग्रंथालयात येऊन एक पुस्तक मराठीतून सांगायला तयार आहेत. मानधन नको, शाल-श्रीफळ नको, सतरंजी आणि पिण्याचं पाणी पुरे. कपाटातल्या पुस्तकांची विषयवार यादी करायला हात हवे असतील तर तेही आहेत.

आपल्या पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि जो काही निर्णय होईल तो सूचनाफलकावर लावावा, ही विनंती. सभेला बोलावलंत तर मी येईन. माझ्याजवळ विषयानुसार केलेली पुस्तकांची पहिली यादी तयार आहे, त्यात कोणतं पुस्तक मराठीत आहे आणि कोणतं हिंदीत, याची नोंद केली आहे. ती सोबत आणीन.

आपली,
एक आजीव सभासद
नंदनवन, नागपूर